छापील शब्दाचा माणूस

मनिला हे नाव मराठी घरांत शिरले ते मॅगसेसे पुरस्कारामुळे. १९५८ साली तो विनोबांना मिळाला, १९८५ साली बाबा आमट्यांना मिळाला, आणि आपल्या माणसांची कदर करणारे एक दूरचे शहर म्हणून मनिला आपल्या ओळखीची झाली. मनिला ज्या देशात आहे त्या फिलिपीन्सची स्वतःची माणसे मात्र आपल्याला फारशी ठाऊक नाहीत. होसे रिझाल हे नाव काही वाचकांनी ऐकले असेल. इसाबेलो दे लोस रेयेस हे नाव फार थोड्यांनी ऐकले असेल. पुढील पाने त्यांच्याविषयी आहेत.

इसाबेलो यांचा जन्म १८६४चा आणि मृत्यू १९३८चा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या आयुष्यात ते छापखान्यात खिळे जुळवत होते, वृत्तपत्रे काढत होते, लोककथा आणि लोकसमजुती गोळा करत होते. स्पेनच्या सरकारने त्यांना दोन खंडांतल्या तुरुंगांत ठेवले, पुढे अमेरिकी सरकारनेही तुरुंगात टाकले. त्यांनी देशातला पहिला कामगार महासंघ उभारला, रोमच्या पोपला न मानणारे एक चर्च जाहीर केले, मनिलाच्या नगरपालिकेत आणि पुढे सिनेटमध्ये निवडून आले. लोक प्रेमाने त्यांना ‘डॉन बेलोंग’ म्हणत.

इतकी कामे एकाच माणसाच्या नावावर दिसली की तो धरसोड वृत्तीचा होता, असे वाटू लागते. त्यांच्या हयातीत तसे म्हणणारे होते, नंतरही झाले. माझे मत वेगळे आहे, आणि ते पहिल्याच पानांवर मांडून ठेवतो. इसाबेलो यांनी आयुष्यभर एकच काम केले. आपल्या लोकांपाशी जे आहे ते उजेडात आणायचे, छापायचे, आणि ते मोलाचे आहे हे चारचौघांत ठासून सांगायचे. आधी ही गोष्ट त्यांनी लोकांच्या कथांबाबत केली, मग त्यांच्या भाषेबाबत, त्यांच्या श्रमाबाबत आणि शेवटी त्यांच्या देवाबाबत. क्षेत्रे बदलत गेली, पण आग्रह तोच राहिला.

हा आग्रह किती धाडसाचा होता हे कळण्यासाठी त्या काळाचा फिलिपीन्स डोळ्यांपुढे आणावा लागतो. स्पेनने १५६५ पासून ही बेटे ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि १५७१ साली मनिला राजधानी केली. तिथून सव्वातीनशे वर्षे सत्ता चालली ती जितकी गव्हर्नरांची, तितकीच पाद्र्यांची. ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा संघांचे स्पॅनिश पाद्री गावोगावी ठाण मांडून होते. गावचा धर्मगुरू, शाळेचा तपासनीस आणि कैक ठिकाणी जमिनीचा मालक, सगळे एकाच झग्यात वावरत. प्रत्येक पुस्तक आणि वृत्तपत्राचा प्रत्येक अंक सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. १८७२ साली गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन देशी धर्मगुरूंना बंडाच्या आरोपावरून मनिलात जाहीरपणे मारण्यात आले. देशी पाद्र्यांनाही स्पॅनिश पाद्र्यांइतकाच मान असावा, या मागणीशी त्यांची नावे जोडलेली होती. त्यांपैकी होसे बुर्गोस हे लुझोन बेटाच्या वायव्येकडच्या विगान या गावचे. इसाबेलोही विगानचेच, आणि त्या वेळी ते सात वर्षांचे होते.

विगान हे इलोकोस प्रांतातले जुने, देखणे गाव. दिएगो सिलांग यांनी स्पॅनिशांविरुद्ध उठाव केला तो याच भागात. १७६३ साली त्यांचा विगानमध्ये खून झाला आणि त्याच वर्षी, लढा पुढे चालवणाऱ्या त्यांच्या पत्नी गाब्रिएला यांना तिथेच फाशी दिले गेले. अशा आठवणी अंगाखांद्यावर वागवणाऱ्या गावात लिओना फ्लोरेंतिनो ही कवयित्री राहत होती. ती इसाबेलोंची आई. इलोकानो आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत तिने कविता केल्या. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती राहिली आणि १८८४ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी गेली. इसाबेलो लहानपणीच मेना क्रिसोलोगो या सधन आणि साहित्यप्रेमी नातलगाकडे वाढायला गेले होते. आईचा सहवास त्यांना थोडाच लाभला. पण १८८९च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने जगभरातल्या लेखिकांच्या साहित्याचे संकलन होत असताना तिच्या कविता तिथवर पोहोचल्या त्या या मुलामुळे. लोकसाहित्याच्या आपल्या संग्रहातही त्यांनी तिच्या कवितांना जागा दिली. प्रांतातल्या एका बाईने देशी भाषेत लिहिलेले काव्य जगापुढे मांडण्याजोगे आहे, ही खात्री त्यांना विद्यापीठात कोणी दिलेली नव्हती. ती घरातून आली होती.

विगानच्या सेमिनरीशी जोडलेल्या शाळेत ऑगस्टिनियन पाद्र्यांची कडक शिस्त त्यांनी सोसली आणि पाद्र्यांविषयीची त्यांची चीड तिथेच रुजली. १८८० साली, सोळाव्या वर्षी, ते मनिलाला आले. सान हुआन दे लेत्रान या विद्यालयात आणि नंतर सांतो तोमास विद्यापीठात शिकताना पोटासाठी त्यांनी छापखान्याची वाट धरली. ते जुळारी झाले. पुढे वृत्तपत्रांत त्यांचे लिखाण नावानिशी येऊ लागले. ‘दियारिओ दे मनिला’, ‘एल कोमेर्सिओ’, ‘ला ओसेआनिया एस्पान्योला’ या पत्रांच्या जगात ते घडले. ज्यांना आपण त्या काळचे फिलिपिनो नेते म्हणून ओळखतो त्यांतले बरेचसे युरोपात शिकायला गेलेले, सुखवस्तू घरांतले तरुण होते. ग्रासियानो लोपेझ हाएना आणि मार्सेलो देल पिलार यांचे ‘ला सोलिदारिदाद’ हे प्रख्यात पाक्षिक १८८९ साली बार्सिलोनात सुरू झाले. स्पेनच्या भूमीवर जे लिहिता येई ते मनिलात छापणे अशक्य होते. इसाबेलो मनिलातच राहिले. सेन्सॉरच्या नाकासमोर बसून काय काय छापता येते याचा त्यांनी कस लावला. या पुस्तकात पुढे त्यांच्या लेखनात काही ठिकाणी स्पेनची स्तुती आणि सावध शब्दयोजना दिसेल. ती वाचताना लिहिणारा माणूस कुठे बसून लिहीत होता हे विसरू नये.

त्यांचे पहिले मोठे काम असेच, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या विषयातून आले. १८८४ साली होसे फेलिपे देल पान या स्पॅनिश संपादकाने बेटांवरचे लोकसाहित्य गोळा करण्याचे आवाहन केले. स्पेनमध्ये त्या सुमारास लोकविद्येच्या अभ्यासाची लाट आली होती. विशीतल्या इसाबेलोंनी हे आवाहन उचलले. त्यांच्या या संग्रहाला १८८७ साली माद्रिदच्या फिलिपीन्स प्रदर्शनात रौप्यपदक मिळाले आणि १८८९ पासून ‘एल फोकलोर फिलिपिनो’ या नावाने तो मनिलात छापून निघू लागला. इलोकोस, झाम्बालेस आणि मालाबोन इथल्या समजुती, सण, औषधे, गाणी आणि गोष्टी त्यात आहेत.

हे पुस्तक मी त्यांच्या जीवनाची किल्ली मानतो. इलोकोसचे लोक डोंगरात झाड तोडण्यापूर्वी त्यातल्या अदृश्य रहिवाशाची क्षमा मागतात आणि आपण हे केवळ हुकमामुळे करत आहोत असे त्याला सांगतात, याची नोंद इसाबेलो करतात. सेन्सॉरने वाचले तर ती एक भाबडी समजूत. सक्तीची वेठ भरणाऱ्या गावकऱ्याने वाचले तर ते त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे. गावातल्या लोकांना रानातल्या पाल्यामुळांचे जे ज्ञान आहे त्यातून उद्या वैद्यकाला मोलाचे औषध मिळू शकेल, असे ते बजावतात. देशी म्हणून हसण्यावारी नेल्या जाणाऱ्या अनेक समजुतींच्या जोडीला ते स्पेनमधल्या तशाच समजुती ठेवतात, आणि अडाणीपणाचा शिक्का फक्त एकाच बाजूला कसा मारता येईल हा प्रश्न वाचकावर सोडून देतात. याच ग्रंथात इसिओ नावाच्या एका साध्या इलोकानो माणसाची कहाणी आहे. कारकून, अधिकारी आणि पाद्री मिळून त्याला कसे नागवतात, हे त्यात आहे. प्रशासनाचा इतका बोचरा पंचनामा लोकविद्येच्या नावाखाली मनिलात छापला गेला.

डोंगरातल्या एता, इगोरोत, तिंगियान या जमातींना शहरी, ख्रिस्ती फिलिपिनो रानटी समजत. परदेशी विद्वानांपुढे आपली ओळख करून देताना इसाबेलोंनी स्वतःला याच लोकांचा भाऊ म्हटले. स्पॅनिश शिकलेल्या, टाय लावणाऱ्या, विद्यापीठात गेलेल्या तरुणाने हे नाते छापील स्वरूपात कबूल करणे त्या काळी साधे नव्हते. बेनेडिक्ट अँडरसन यांनी २००५ सालच्या आपल्या ‘अंडर थ्री फ्लॅग्ज’ या ग्रंथाची सुरुवातच इसाबेलोंच्या लोकसाहित्यापासून केली. विल्यम हेन्री स्कॉट आणि रेसिल मोहारेस यांनी त्याआधी व नंतर त्यांच्यावर मोलाचे लेखन केले आहे. तरी सामान्य वाचकापर्यंत हा माणूस म्हणावा तसा पोहोचलेला नाही.

१८८९ सालीच त्यांनी ‘एल इलोकानो’ हे वृत्तपत्र काढले. स्पॅनिशच्या जोडीने इलोकानोत निघणारे हे पत्र त्या भाषेतले पहिले वृत्तपत्र मानले जाते. ते १८९६ पर्यंत चालले. मधल्या काळात त्यांनी स्वतःचा छापखानाही घातला. जी भाषा पाद्र्यांच्या लेखी फक्त प्रवचनाला आणि कबुलीजबाबाला पुरेशी होती, तिच्यात बातम्या, माहिती, कविता येऊ लागल्या. ‘बियाग नि लाम-अंग’ हे इलोकानो महाकाव्य, म्हणजे लाम-अंग नावाच्या वीराची गाथा, याच पत्रात १८८९-९० साली क्रमशः छापली गेली. बांगार गावच्या धर्मगुरूंकडून त्यांना तिची संहिता मिळाली होती. तिचा स्पॅनिश अनुवाद त्यांनी स्वतः केला. आज फिलिपीन्समधली मुले शाळेत लाम-अंगची गोष्ट शिकतात. तोंडोतोंडी चालत आलेली ही गाथा एका चिमुकल्या पाक्षिकाने छापील रूपात आणली.

रिझाल आणि इसाबेलो यांच्यातला वाद या टप्प्यावर आला आणि मी त्याला पुरेशी जागा दिली आहे. रिझाल यांनी अंतोनिओ दे मोर्गा यांचा सतराव्या शतकातला इतिहास टिपा घालून नव्याने प्रसिद्ध केला. स्पॅनिश येण्यापूर्वीचा आपला समाज किती संपन्न होता, हे त्यांना दाखवायचे होते. देशप्रेमाच्या भरात रिझाल यांनी पुराव्याला झुकते माप दिले, असे इसाबेलोंनी लिहिले. रिझाल यांनी ‘ला सोलिदारिदाद’मधून तिखट उत्तर दिले. दोघेही देशासाठीच झटत होते. एकाला अभिमान जागवणारा इतिहास हवा होता, दुसऱ्याला आज डोळ्यांपुढे जगत असलेल्या माणसांची नोंद अधिक मोलाची वाटत होती. दोन्ही बाजूंचे वजन वाचकाने स्वतः तोलावे अशा बेताने तो भाग लिहिला आहे.

१८९६च्या ऑगस्टमध्ये कातिपुनान या गुप्त संघटनेचा उठाव झाला. रिझाल यांना ३० डिसेंबरला गोळ्या घातल्या गेल्या. इसाबेलो कातिपुनानचे सदस्य नव्हते, पण पाद्र्यांना ते कधीपासून खुपत होते. १८९७च्या सुरुवातीला त्यांना पकडून मनिलाच्या बिलिबिद तुरुंगात टाकले. ते आत असतानाच त्यांची पत्नी होसेफा वारली. त्या अवस्थेतही त्यांनी सोबतच्या कैद्यांकडून उठावाची हकीकत गोळा केली आणि पाद्र्यांचा जुलूम हेच या बंडाचे मूळ आहे, असे सांगणारे निवेदन थेट गव्हर्नर जनरलना लिहिले. लोकांकडून ऐकायचे, नोंदवायचे आणि सत्तेपुढे ठेवायचे ही त्यांची रीत तुरुंगातही सुटली नाही. या निवेदनाचे बक्षीस म्हणून त्यांना बेड्या घालून स्पेनला धाडले गेले आणि बार्सिलोनाच्या मोंजुइक किल्ल्यात डांबले गेले.

मोंजुइक त्या वेळी गाजत होते. १८९६ साली बार्सिलोनात धार्मिक मिरवणुकीवर बॉम्ब पडला आणि शेकडो अराजकवादी व कामगार कार्यकर्ते त्या किल्ल्यात कोंबले गेले. तिथल्या छळाच्या बातम्यांनी युरोप ढवळून निघाला होता. इसाबेलोंनी या कैद्यांशी मैत्री केली, त्यांची पुस्तके वाचली. वसाहतीतल्या माणसाला तिथे प्रथमच कळले की खुद्द स्पेनमध्येही स्पेनच्या सत्तेने चिरडलेले लोक आहेत. १८९८च्या आरंभी ते सुटले, माद्रिदमध्ये राहिले, काही काळ वसाहत मंत्रालयात नोकरीही केली. या नोकरीबद्दल त्यांना दोष देणारे आहेत आणि त्यांचे म्हणणे पुस्तकात आले आहे. पण त्याच वर्षी स्पेनने ही बेटे दोन कोटी डॉलर्सना अमेरिकेच्या हवाली केली, १८९९च्या फेब्रुवारीत अमेरिकी फौजा आणि फिलिपिनो प्रजासत्ताक यांच्यात युद्ध पेटले, आणि इसाबेलोंनी माद्रिदहून ‘फिलिपिनास आंते एउरोपा’ हे पाक्षिक काढून अमेरिकी कब्जाविरुद्ध रान उठवले. बायबलमधल्या शुभवर्तमानांचे इलोकानो भाषांतरही याच काळातले.

१९०१ साली ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या सामानात मार्क्स, प्रूदाँ, क्रोपोत्किन, मालातेस्ता होते. नव्या सरकारने स्वातंत्र्याचा प्रचार करणे हाच गुन्हा ठरवला होता. वृत्तपत्र काढायला परवानगी मिळेना, पक्ष काढायला मिळेना. तेव्हा ते ज्या जगात घडले होते त्या जगाकडे, छापखान्यांतल्या कामगारांकडे वळले. २ फेब्रुवारी १९०२ रोजी ‘उनियोन ओब्रेरा देमोक्रातिका’ हा फिलिपीन्समधला पहिला कामगार महासंघ उभा राहिला. त्याचा गाभा छापखान्यांतल्या कामगारांचा होता. पाठोपाठ चिरूट कारखान्यांतले आणि इतर धंद्यांतले कामगार आले. व्याख्याने, गाणी, नाटके असलेल्या संध्याकाळच्या मेळाव्यांतून इसाबेलो त्यांना शिकवत. ऑगस्टमध्ये संप झाले आणि त्यांना अटक झाली. मजुरीचा भाव वाढवण्यासाठी कट केल्याचा हा गुन्हा जुन्या स्पॅनिश दंडसंहितेतला होता. लोकशाही शिकवायला आलेल्या सरकारने तो पडक्या राजवटीच्या कपाटातून काढला. संघटनेची सूत्रे त्यांनी दोमिनादोर गोमेझ यांच्याकडे दिली. पुढे ती फार काळ टिकली नाही, पण कामगारांनी एकत्र येऊन मागणी करायची, हा पायंडा पडला तो पडलाच.

अटकेच्या काही दिवस आधी, ३ ऑगस्टला, याच कामगारांच्या सभेत त्यांनी दुसरी घोषणा केली होती. आता फिलिपिनो लोकांचे स्वतःचे चर्च असेल. ‘इग्लेसिया फिलिपिना इंदेपेंदिएंते’ असे त्याचे नाव आणि ग्रेगोरिओ अग्लिपाय हे त्याचे सर्वोच्च बिशप. सभेला अग्लिपाय हजरही नव्हते, आणि सुरुवातीला ते राजीही नव्हते. मानद अध्यक्ष म्हणून इसाबेलोंनी खुद्द अमेरिकी गव्हर्नर टाफ्ट यांचे नाव जाहीर केले, ते टाफ्ट यांनी नाकारले. पण हाकेला लोक धावले. गावेच्या गावे, त्यांच्या देशी धर्मगुरूंसह, नव्या चर्चमध्ये आली. १८७२ साली ज्या तीन धर्मगुरूंना मारले गेले त्यांची आणि रिझाल यांची संत म्हणून प्रतिष्ठापना झाली. १९०६ साली सर्वोच्च न्यायालयाने देवळांच्या इमारती रोमन कॅथलिक चर्चच्या असल्याचा निकाल दिला आणि नव्या चर्चला मोठा फटका बसला. तरी ते टिकले, आजही आहे. त्याच्या प्रार्थना आणि प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत इसाबेलोंचाच हात मोठा होता.

त्यानंतरच्या तीस-बत्तीस वर्षांवर मी तुलनेने थोडी पाने खर्चली आहेत. १९१२ साली ते मनिलाच्या नगरपालिकेत निवडून आले. १९२२ साली त्यांनी आपल्या प्रांतातून सिनेटची निवडणूक जिंकली. हरलेले प्रतिस्पर्धी एल्पिदिओ किरिनो पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १९२८ पर्यंत ते सिनेटमध्ये होते. पुढल्या वर्षी पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले. १९३६ साली त्यांनी कॅथलिक चर्चमध्ये परत येत असल्याच्या निवेदनावर सही केली असे चर्चने सांगितले. नव्या चर्चमध्ये पुढे सर्वोच्च बिशप झालेला त्यांचा मुलगा इसाबेलो याने ते मान्य केले नाही. त्यांच्या काही मुली कॅथलिक जोगिणी होत्या. एकाच घरात ही दोन्ही श्रद्धास्थाने नांदत होती. १० ऑक्टोबर १९३८ रोजी ते गेले. त्या सहीवरून निष्कर्ष काढण्यापेक्षा मी दोन्ही बाजूंची माहिती मांडली आहे.

हे पुस्तक कालक्रमाने जाते, पण वाचकाला हवे तर त्याने लोकसाहित्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि मग १९०२ सालाच्या प्रकरणाकडे यावे. संग्राहक आणि संघटक ही एकाच माणसाची दोन रूपे कशी, हे तसे वाचल्याने चटकन ध्यानात येईल.

स्वातंत्र्याच्या इतिहासात हुतात्म्यांना पहिली जागा मिळते आणि ती त्यांची हक्काची आहे. रिझाल आणि कातिपुनानचे नेते बोनिफासिओ यांच्या मृत्यूंनी फिलिपिनो राष्ट्राला चेहरा दिला. इसाबेलो मात्र जगले, चुकले, तडजोडी केल्या, म्हातारे झाले. त्यामुळे ते पुतळ्यांच्या रांगेत नीट बसत नाहीत. पण राष्ट्राला एक भाषा लागते, गोष्टी लागतात, संघटना लागतात, आणि ही सगळी कामे जिवंत राहून, रोज थोडी थोडी करावी लागतात. ती करणाऱ्याला सत्तेशी वाटाघाट करावी लागते, कधी आपल्याच माणसांचे बोल ऐकावे लागतात. एखाद्या लोकसमूहाला ज्ञान नाही, भाषा नाही, संघटना करण्याची कुवत नाही, असे जिथे कुठे सांगितले जाते, तिथे इसाबेलोंचा मार्ग आजही उपयोगी आहे. त्या लोकांमध्ये बसावे, ते काय म्हणतात ते उतरवून घ्यावे, त्यांच्याच भाषेत छापावे आणि छापलेल्याच्या पाठीशी आपले नाव घेऊन उभे राहावे. इसाबेलोंनी हे चाळीसहून अधिक वर्षे केले आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून त्यांचे चरित्र मराठीत यायला हवे होते.